दूमप्पाच्या गाठी

दूमप्पा साल्यानला रंग ओळखता येत नव्हते, हे आमच्या कंपनीत दोनच माणसांना माहीत होतं. एक तो स्वतः, दुसरी मी. तो काजूच्या भट्टीवर किंवा वजनकाट्यावर असता तर कुणाला फरकही पडला नसता. पण तो फोन सांभाळत होता, आणि फोनच्या केबलमधली प्रत्येक तार रंगावरूनच ओळखायची असते. पोहता न येणाऱ्या माणसानं जन्मभर होडी चालवावी, तसा हा प्रकार.

काजू निर्यातीची ही कंपनी मंगळूरच्या बंदर भागात. मालक उपेंद्र किणी, सगळे त्यांना धनी म्हणत. खाली गोदाम, वर दोन मजले कचेरीचे, गच्चीवर कँटीन आणि गल्लीपलीकडे काजू सोलायची शेड. बाहेरच्या सहा लाइनी, आतले अठ्ठेचाळीस फोन. मी बोर्डावर बसायची. म्हणजे बाहेरून आलेला प्रत्येक फोन आधी माझ्या कानात शिरायचा, मग ज्याचा त्याला जायचा. माझं काम फोन जोडणाऱ्या यंत्रावर अवलंबून आणि यंत्र दूमप्पावर. त्यामुळे मी त्याच्याकडे बारकाईनं बघत आले. कौतुकानं नव्हे.

यंत्र जिन्याखालच्या खोलीत होतं. १९८७ साली आणलं तेव्हा त्याला हार घातला होता. २००३ उजाडेपर्यंत त्याच्या आतल्या पट्ट्या मिळेनाशा झाल्या होत्या. दूमप्पानं जेप्पूच्या एका बंद पडलेल्या कौलांच्या कारखान्यातून तसलंच एक यंत्र भंगारात उचलून आणलं आणि त्याचे अवयव काढून काढून आमचं जगवलं. यंत्राला आकड्यांनी हुकूम द्यावे लागत. कुणाचा फोन कुठे वाजावा, कुणाला बाहेरगावी लावता यावा, कुणाला नाही, हे सगळं तो माझ्या बोर्डावरून चौदा-पंधरा आकडे दाबून ठरवायचा. हे आकडे कुठेही लिहिलेले नव्हते. निर्यात खात्याच्या सुधाकर बाळिगांना बढतीचं पत्र हातात पडण्याच्या दोन दिवस आधी दूमप्पानं त्यांची एसटीडी उघडली, तेव्हा पहिला पेढा त्यालाच मिळाला.

आमच्याकडे आणखी एक खोड होती. नंबर टेबलाचा नसे, माणसाचा असे. बाळिगा म्हणजे चौतीस. ते खिडकीपाशी बसोत की जिन्यापाशी, चौतीस त्यांच्या मागे जाणार. 'चौतीसला विचार', 'एकोणीस रजेवर आहे', असंच लोक बोलत. माणूस वारला तर वर्षभर त्याचा नंबर कुणाला द्यायचा नाही, असा धन्यांचा दंडक. यात नुकसान कुणाचं? तर तारांचं. सोळा वर्षांत माणसं इतकी हलली होती की जिन्याखाली ज्या पाटीवर सगळ्या तारा येऊन जोडल्या जात, तिथे त्यांचं नुसतं जंजाळ झालं होतं.

आता रंग. जाड केबलीत बारीक तारांच्या जोड्या असतात. पांढरी-निळी, पांढरी-नारिंगी, पांढरी-हिरवी, पांढरी-तपकिरी, पांढरी-करडी, मग लाल-निळी, असं करत पुढे. खालच्या पाटीवर जी जोडी पांढरी-हिरवी, ती वरच्या मजल्यावरच्या डब्यातही पांढरी-हिरवीच निघाली पाहिजे. जगभर हाच नियम.

दूमप्पा रंग बघतच नसे. तो एका टोकाला बारीक सूर सोडायचा, दुसऱ्या टोकाला जाऊन एकेक जोडी कानाला लावून बघायचा, सूर सापडला की दोन्ही टोकांना दोऱ्याचा तुकडा बांधायचा आणि त्या दोऱ्याला गाठी मारायचा. मोठी गाठ दहाची, साधी एकाची. तीन मोठ्या, चार साध्या, म्हणजे चौतीस. ही विद्या त्याच्या आईची. घरी मल्लिगेची, म्हणजे मोगऱ्याची झाडं, आई कळ्या केळीच्या सोपात गुंफून विकायची. आठशे कळ्यांचा एक चेंडू, चार चेंडूंची एक अट्टी. अंधारात गुंफताना मोजणी चुकू नये म्हणून ती सोपाला गाठी मारी, आणि पोरगा बोटांनी चाचपून हिशेब सांगे. कंपनीतही तो आधी केळीचा सोपच वापरायचा. झुरळांनी तो खाल्ला तेव्हा चांभाराचा मेणाचा दोरा आणला.

मला हे कळलं १९९० च्या पावसाळ्यात. वरच्या मजल्यावरचे चार फोन मेले होते आणि मी त्याला बॅटरी धरून उभी होते. हा डोळे मिटून दोरे चाचपतोय.

"झोपलास काय रे?"

"नाही अक्का, वाचतोय."

"ती नारिंगी तार आधी धर. तिचं साल निघालंय."

त्यानं तपकिरीवर बोट ठेवलं.

"नारिंगी म्हटलं मी."

मग त्यानं हिरवी धरली. मला आडपडदा ठेवायची सवय नाही. "दूमप्पा, तुला रंग दिसत नाहीत?"

"दिसतात की."

"मग?"

"सगळे दिसतात अक्का. वेगवेगळे दिसत नाहीत, एवढंच."

त्या दिवशी त्यानं बाकीचंही सांगितलं. १९७४ साली सरकारी टेलिफोन खात्यात लाइनमनच्या जागेसाठी तो मद्रासला गेला होता. लेखी पास, खांबावर चढण्यात पहिला. शेवटी डॉक्टरनं ठिपक्यांची चित्रं असलेलं पुस्तक उघडलं आणि यात कोणते आकडे दिसतात ते सांग म्हणाला. दूमप्पाला ठिपके दिसले. झालं. घरी येऊन आईला काय सांगणार? "आसामात टाकत होते, लांब पडतं," एवढंच म्हणाला. पुढचं आईनं स्वतःच जोडलं: विधवा आईला टाकून जायचं नाही म्हणून पोरानं सरकारी नोकरीवर पाणी सोडलं. तिनं ते घरोघरी सांगितलं. गावच्या कोलाच्या, म्हणजे भूतपूजेच्या मांडवात चारचौघांसमोर त्याचं उदाहरण दिलं गेलं. धन्यांनी त्याला ठेवून घेतलं तेही ही कथा ऐकूनच. शंकरपुरची वारिजा त्याला सांगून आली तीही याच कथेच्या जोरावर.

"साधं खरं सांगता आलं नाही तुला?" मी म्हटलं.

"मी एक वाक्य खोटं बोललो अक्का. बाकीचं पोथीएवढं आईनं लिहिलं. आता तिला खोटं कसं पाडू?"

आई वारली तरी तो गप्प राहिला. मीही राहिले. मला हे पटत होतं असं नाही. एका खोट्यापायी हा माणूस प्रत्येक काम तिप्पट वेळ घेऊन करत होता, रविवारी येऊन करत होता, आणि लोक म्हणत होते, दूमप्पा फार कष्टाळू.

२००३ साली धन्यांचे जावई विश्वेश शेणॉय कारभार बघायला आले. बंगळुरात शिकलेले, तिशीतले, गोड बोलणारे. ते वाईट नव्हते, हे आधीच सांगते. त्यांचा प्रश्न रास्त होता. माझ्या बोर्डापाशी येऊन म्हणाले, "मॅडम, उद्या दूमप्पा रिक्षाखाली आला तर कंपनी मुकी होणार का?"

"दोन दिवसांत," मी म्हटलं.

त्यांनी दूमप्पाला बोलावून महिन्याची मुदत दिली. सगळ्या जोड्यांचा तक्ता हवा. कोणता नंबर, कोणत्या रंगांच्या जोडीवर. तक्ता बरोबर निघाला तर दूमप्पा जागेवर राहील, बाहेरची कंपनी फक्त वर्षातून दोनदा तपासून जाईल. नाही निघाला तर सगळं काम बाहेरच्या कंपनीकडे आणि दूमप्पा फाटकावर, लॉऱ्या मोजायला.

तो माझ्याकडे आला. "अक्का, रंग लिहा म्हणतात."

"मग सांग त्यांना, दिसत नाहीत म्हणून."

"आणि ते विचारतील, मग खात्यात पास कसा झालास?"

"विचारू देत."

"नको."

हे 'नको' मी तेरा वर्षं ऐकत होते. शेवटी म्हटलं, "मी रविवारी येऊन लिहून देते. पण त्या बिळात वाकून वाचायचं आणि लिहायचं, दोन्ही मला होणार नाही. वाचायला कुणीतरी आण."

त्यानं बायकोला आणलं. सांगितलं काय, तर अक्कांना जरा मदत हवीय.

वारिजा डबाभर बन्स घेऊन आली. पाटीसमोर बसली आणि बघतच राहिली. "अय्यो! ही तर आमची चेंडूची गाठ. अहो, ही इथे कुठे आणून बांधलीत?"

"वाच तू," दूमप्पा म्हणाला.

"पांढरी-निळी. पांढरी-अबोली."

"नारिंगी म्हण," मी म्हटलं.

"अबोलीच आहे ती, अक्का. तुम्ही काय हवं ते लिहा."

मी नारिंगी लिहिलं. ती रंग सांगायची, दूमप्पा दोरा चाचपून आकडा सांगायचा, मी लिहायची. तीसेक जोड्या झाल्यावर ती मान न वळवता म्हणाली, "यांना रंग कळत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक असेलच अक्का."

दूमप्पाचा हात दोऱ्यावर थांबला.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"लग्नाच्या पंधराव्या दिवशी. हिरवी साडी आणतो म्हणाले आणि मातकट घेऊन आले."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"साडी बरी होती."

दूमप्पा हसला. मला वाटलं, चला, एक ओझं उतरलं. पण लगेच ती पुढे म्हणाली, "आणि बोलायचं काय त्यात? सरकारी खात्यानं सुद्धा घेतलंच होतं की यांना. यांनीच आईसाठी सोडलं. तिथे अडलं नाही, तर माझं कशाला अडेल?"

दूमप्पा पाटीकडे बघू लागला. मी कागदाकडे.

"पुढचा रंग सांग," तो म्हणाला.

दुपारी दोनला अठ्ठेचाळीस जोड्या संपल्या. मी घरी नेऊन तक्ता टाइप केला, रेघा मारल्या, आणि सोमवारी तो विश्वेशनी हसतमुखानं ठेवून घेतला. आम्हा तिघांपैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही की आपण रंग फक्त जिन्याखाली वाचले. वरच्या डब्यात तेच रंग असायला हवेत, हे मला तेव्हा कुठून ठाऊक? मी बी.ए., तेही इतिहास घेऊन. वारिजाला काय ठाऊक? आणि ज्याला ठाऊक असायला हवं होतं, त्याच्या जगात रंग नव्हतेच. उंदरांनी केबल खाल्ली, पाणी शिरलं, की तो ती कापून पुन्हा जोडायचा आणि सूर ऐकून जी तार सापडेल तिला जी हाताला येईल ती जोडायचा. पांढरी-हिरवी भिंतीतून जाताना लाल-तपकिरी व्हायची, पुढे आणखी काहीतरी. गाठ मात्र दोन्ही टोकांना एकच. त्याच्या हिशेबानं काम चोख होतं.

विश्वेशनी तक्त्याची परीक्षा घ्यायचं ठरवलं. निर्यात खातं दुसऱ्या मजल्यावरून पहिल्यावर आणायचं होतंच. बाहेरच्या कंपनीचा जोएल क्रास्टा हा पंचविशीतला इंजिनिअर शनिवारी दुपारी आला. दूमप्पानं जवळ थांबायचं नाही, अशी अट. त्याला शेडमध्ये पाठवला होता. जोएलनं वरचा डबा उघडला (शेडच्या आणि कँटीनच्या तारा याच डब्यातून जात), आतली ती दोऱ्यांची जाळी बघितली आणि कपाळाला हात लावला. मुलगा टापटिपीचा. त्यानं सगळा डबा उपटला, जोड्या तक्त्याप्रमाणे रंगांच्या क्रमानं सुरेख बसवल्या, आणि दोरे कापून केराच्या टोपलीत टाकले. जाताना मला म्हणाला, "मॅडम, आता बघा, कसं स्वच्छ दिसतंय."

सोमवारी सकाळी नऊला मी पहिला फोन दिला. रॉटरडॅमचे दलाल, बाळिगांना हवे होते. चौतीस लावला. फोन उचलला शेडमधल्या जुलियानाबाईंनी.

"कोण पाहिजे?" त्या ओरडून बोलत, शेडमध्ये आवाज असतो. "बायका चहाला गेल्यात! अर्ध्या तासानं करा!" आणि ठेवला.

मी धन्यांच्या खोलीचा एकवीस लावला. कँटीनचा सूर्यण्णा म्हणाला, "बन्स संपले. गोळीबजे आहेत, पाठवू?"

तेवढ्यात धनी स्वतः जिन्यावरून खाली आले. त्यांनी घरचा फोन लावला होता (तोही आमच्या आतल्या अठ्ठेचाळिसांतलाच) आणि तो हिशेब खात्यात वाजला होता. हिशेबनीस प्रभू यांनी आवाज न ओळखता त्यांना विचारलं होतं, "कोण हो तुम्ही? सकाळी सकाळी बाईसाहेब कुठे आहेत म्हणून मला काय विचारता?" प्रभू त्यानंतर दोन दिवस धन्यांच्या समोर आले नाहीत.

दहापर्यंत मी बोर्डावर हात जोडून बसले. साडेदहाला आम्हाला धन्यांच्या खोलीत बोलावलं: दूमप्पा, मी, आणि धावत परत आलेला जोएल. विश्वेश उभे होते. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच कडक दिसला.

"सांग," ते जोएलला म्हणाले.

"सर, खाली चौतीस पांढऱ्या-हिरवीवर आहे. वर पांढरी-हिरवी निघते ती शेडची. एक-दोन नाही, तीस-एक जोड्या अशा आहेत. एखादी जोडी चुकून होते. तीस चुकून होत नाहीत."

"म्हणजे मुद्दाम," विश्वेश सासऱ्यांकडे वळून म्हणाले. "माम, याला माहीत होतं की तक्ता बरोबर निघाला तर याची मक्तेदारी संपते. म्हणून कागदावर एक आणि भिंतीत एक. मी याला जागेवर ठेवणार होतो. पण मालकाला फसवणाऱ्याला फाटकावरसुद्धा कशाला ठेवायचं?"

धन्यांनी दूमप्पाकडे पाहिलं. "मुद्दाम केलंस?"



त्या मिनिटात त्याच्या मनात काय चाललं होतं, ते मला स्वच्छ दिसत होतं. गप्प राहिला तर नोकरी जाणार. पण लबाड म्हणून जाणार. धन्याच्या शिकलेल्या जावयाला गुंडाळलं म्हणून गावात दोघंचौघं पाठही थोपटतील. आईची कथा शाबूत. बोलला तर कदाचित नोकरी राहील, आणि कथा जाईल. मला तर धीर धरवेना. तक्ता मी टाइप केला होता; लबाडीत माझंही नाव होतंच.

"हे बघा," मी तोंड उघडलं.

"अक्का, थांबा," दूमप्पा म्हणाला. मग धन्यांकडे बघून म्हणाला, "मुद्दाम नाही केलं. मला रंग कळत नाहीत."

विश्वेश म्हणाले, "काय?"

"कळत नाहीत. लाल, हिरवा, तपकिरी, सगळं एकच दिसतं. मी दोऱ्याला गाठी मारून काम करतो. खाली जी गाठ तीच वर. रंग मध्ये कुठे बदलले ते मला ठाऊक नाही. तक्त्यातले रंग माझ्या बायकोनं वाचले."

"बाप रे, मारायरे," जोएल पुटपुटला, "ते दोरे!"

धन्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अरे, पण तू खात्यात पास होऊन आसामची नोकरी सोडून आलास ना? तिथे डोळे तपासले नाहीत?"

"तपासले. त्यातच नापास झालो." तो थांबला. "आसाम वगैरे काही नव्हतं. आईसाठी सोडली वगैरे काही नाही. मला घेतलंच नव्हतं."

बाहेर जिन्यावर सूर्यण्णा चहाचा ट्रे घेऊन उभा होता, आणि तो दूमप्पाच्याच गावचा. हे सगळ्यांत आधी माझ्या लक्षात आलं.

धनी म्हणाले, "तुझ्या आईनं मला स्वतः सांगितलं होतं, या खुर्चीसमोर उभं राहून."

"तिला तसंच वाटत होतं."

"आणि अठ्ठावीस वर्षं तू मला वाटू दिलंस."

"हो."

धन्यांनी पुन्हा चष्मा लावला. राग आला होता, नाही असं नाही. पण ते व्यापारी. जोएलला विचारलं, "तुझ्या रंगांवर आत्ता यातला कुठला फोन चालतोय?"

जोएल प्रामाणिक होता. "बाहेरच्या लाइनी सोडल्या तर वरचा एकही नाही, सर."

"आणि याच्या गाठींवर शनिवारपर्यंत सगळे चालत होते. जा, दोघं मिळून आधी फोन लावा. कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं, ते फोन वाजायला लागल्यावर बोलू."

वरचे दोरे केरात गेले होते, त्यामुळे सगळं पहिल्यापासून. दूमप्पा जिन्याखाली, जोएल वर. हा खालून एकेका जोडीवर सूर सोडायचा, तो वर शोधायचा. आणि दोघं तपासणीच्या फोनवरून बोलायचे. मधल्या लाइनीवर मी होते, ऐकायला कुणी मनाई केली नव्हती.

"दूमप्पण्णा, सापडली. लाल-करडी."

"रंग मला सांगू नकोस. चौतीस आहे. तीन मोठ्या, चार साध्या."

"मोठी कशी मारायची?"

"दोनदा फिरवून. बोटाला लागली पाहिजे."

"लागत नाहीये."

"मग तू ताक पिऊन आलायस. घट्ट ओढ!"

दुपारनंतर जोएल गाठी न विचारता मारू लागला. संध्याकाळी सहाला मी शेवटचा एकवीस लावून पाहिला, धन्यांनीच उचलला. "हं," म्हणाले, आणि ठेवला.

विश्वेशनी माफी मागितली नाही. पण दुसऱ्या दिवशी ते स्वतः जिन्याखालच्या बिळात वाकून बसले आणि जोएलला म्हणाले, नवा तक्ता कर: नंबर, गाठी, खालचा रंग, वरचा रंग. मग दूमप्पाला म्हणाले, "मला हे आधी सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं असं वाटलं तुला?" उत्तर मला आलं असतं, पण मला विचारलं नव्हतं. दूमप्पा जागेवर राहिला. धनी मात्र त्याच्याशी पूर्वी दोन शब्द जास्त बोलत, ते बंद झाले. कामापुरतं बोलू लागले. ते तसंच राहिलं.

सूर्यण्णानं आपलं काम त्याच संध्याकाळी केलं. बस गावात पोचायच्या आत बातमी पोचली. बुधवारी दूमप्पाच्या चुलतभावानं विहिरीपाशी सगळ्यांसमोर विचारलं, "काय रे, आसामात थंडी किती असते?" दूमप्पानं पाणी भरलं आणि घरी गेला.

वारिजा शुक्रवारी दुपारी बोर्डापाशी आली. हातात डबा. बसली नाही.

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"तेरा वर्षं?"

"तेरा."

"आणि तुम्ही बोलला नाहीत."

"माझं घर होतं का ते?"

"रंगांचं काही नाही हो, अक्का. पण माझ्या बापानं ती आईची गोष्ट ऐकून होकार दिला होता. मी पण. तीन दिवस मी यांच्याशी बोलले नाही. काल रात्री वाढताना विचारलं, खात्यात पास झाला असतात तर मला करून घेतलं असतंत का? पुत्तूरची मुलगी होती ना सांगून आलेली, मॅट्रिक झालेली?"

"मग काय म्हणाला?"

"म्हणाले, नसतं."

मला त्या माणसाचा मनापासून राग आला. "गाढवच आहे. एवढं तरी खोटं बोलायचं होतं."

"मी पण तेच म्हटलं त्यांना," वारिजा म्हणाली. मग माझ्यामागचं दार ढकलून ती डबा घेऊन जिन्याखाली गेली. तीन दिवस घरून डबा आला नव्हता; तो कँटीनमध्ये जेवत होता.